उत्पन्नाधारित शुल्क, सामुदायिक मानसिक आरोग्यसेवेतील

मानसिक उपचारांसाठी प्रत्येकाकडून सारखी रक्कम न घेता कुटुंबाचे उत्पन्न आणि कुटुंबातील माणसांची संख्या पाहून शुल्क ठरवण्याची पद्धत. सेवेचा मूळ दर सर्वांना एकच असतो; उत्पन्नानुसार बदलते ती सवलत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धत कायदे व नियमांनी तपशीलवार बांधली गेली आहे.

या विचाराला मनोविश्लेषणाच्या इतिहासातही मूळ सापडते. सिग्मंड फ्रॉइड यांना 1913 मध्ये फुकट उपचार रुग्णाच्या हिताचे वाटत नव्हते. 1918 मध्ये बुडापेस्टच्या अधिवेशनात मात्र त्यांनी गरिबालाही मनावरच्या उपचाराचा हक्क आहे, असे सांगून मोफत चिकित्सालयांची कल्पना मांडली. त्यांचे सहकारी मॅक्स आयटिंगॉन आणि अर्न्स्ट झिमेल यांनी 1920 मध्ये बर्लिनमध्ये तसे चिकित्सालय उघडले. तेथे रुग्ण ऐपतीप्रमाणे पैसे देत. ‘पैसे मोजल्याशिवाय रुग्ण उपचार गांभीर्याने घेत नाही’ हा युक्तिवाद आजही ऐकू येतो, पण तो गरिबांना लावणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात सुरू झालेल्या रँड या संशोधनसंस्थेच्या आरोग्यविमा प्रयोगात, खर्चाचा वाटा उचलावा लागलेल्या लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर उपयुक्त उपचारही कमी केल्याचे दिसले.

अध्यक्ष जॉन केनेडी यांनी 31 ऑक्टोबर 1963 रोजी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मोठ्या मनोरुग्णालयांऐवजी लोकांच्या वस्तीजवळ उपचार मिळावेत, हा त्यामागचा हेतू होता. 1981 पासून केंद्र सरकारचा निधी राज्यांना ठोक अनुदानाच्या रूपाने, म्हणजे खर्चाचा तपशील बराचसा राज्यांवर सोडणाऱ्या एकरकमी मदतीच्या रूपाने, जाऊ लागला. शुल्काचे नियम आजही राज्याराज्यांत वेगळे आहेत.

मोजमापाचा पाया बहुतेक ठिकाणी संघराज्याची दारिद्र्यमर्यादा हा असतो. 1960 च्या दशकात सरकारी अर्थतज्ज्ञ मॉली ऑरशान्स्की यांनी किमान आहारखर्चाच्या तिपटीवरून दारिद्र्याचे जे माप बसवले, त्यातून ही मर्यादा आली असून ती दरवर्षी जाहीर होते. 2025 साठी अलास्का व हवाई वगळता चार माणसांच्या कुटुंबाला ती 32,150 डॉलर होती. केंद्रीय अनुदानावर चालणाऱ्या सार्वजनिक आरोग्य केंद्रांत (यांतील अनेक केंद्रे मानसिक उपचारही देतात) या मर्यादेपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण सवलत मिळते किंवा नाममात्र शुल्क पडते. मर्यादेच्या दुपटीपर्यंत सवलतीचे किमान तीन टप्पे असावे लागतात, आणि दुपटीच्या पुढे या योजनेतील सवलत संपते. म्हणजे वर्षाला 48,225 डॉलर मिळवणारे चौघांचे कुटुंब मर्यादेच्या 150 टक्क्यांवर, मधल्या टप्प्यांत बसते. पात्रता ठरवताना घर किंवा बचत पाहिली जात नाही. विमा असलेल्या पात्र रुग्णालाही, विमा कंपनीच्या करारात बसत असेल तर, स्वतःच्या हिश्शात सवलत मिळते.

कॅलिफोर्नियातील परगण्यांच्या मानसिक आरोग्यसेवेत वेगळी रीत रूढ झाली. तेथे दर भेटीचा दर कमी करण्याऐवजी कुटुंबाने वर्षभरात द्यायची कमाल रक्कमच ठरवतात. मानसिक उपचारांच्या दृष्टीने ही रीत अधिक समंजस वाटते. हाडाला प्लास्टर एकदा घालून भागते, समुपदेशनाला मात्र आठवड्याला यावे लागते. भेटीमागे घेतलेले पाच-दहा डॉलरही महिनाअखेर जड होतात आणि माणूस न सांगता येणे थांबवतो.

प्रत्यक्षात सारे ठरते ते नोंदणीच्या टेबलावर. पगाराची चिठ्ठी, करविवरण किंवा भत्त्याचे पत्र मागितले जाते. रोख मजुरी करणाऱ्याकडे किंवा बेघर माणसाकडे यांतले काहीच नसते, आणि तीव्र नैराश्यात कागद शोधून आणणे हेच अनेकांना झेपत नाही. म्हणून स्वतःच्या सहीचे उत्पन्ननिवेदन स्वीकारणारी आणि कागद येण्याआधी पहिली भेट देणारी केंद्रेच हा नियम त्याच्या हेतूप्रमाणे पाळतात. उत्पन्नाची फेरतपासणी साधारणतः वर्षातून एकदा होते. मानसिक आजारात नोकरी मध्येच सुटण्याचा धोका मोठा असतो, त्यामुळे रुग्णाला वर्षाच्या मध्यातही फेरविचार मागता यायला हवा आणि तो मागता येतो हे त्याला सांगितलेही पाहिजे.

2014 च्या कायद्याने सुरू झालेल्या प्रमाणित सामुदायिक वर्तन-आरोग्य चिकित्सालयांना (मानसिक आजार व व्यसनांवर उपचार करणाऱ्या केंद्रांना) उत्पन्नानुसार शुल्कश्रेणी ठेवणे बंधनकारक आहे. पैसे नाहीत किंवा राहण्याचा पत्ता नाही, एवढ्यावरून त्यांना कोणालाही परत पाठवता येत नाही.

पद्धतीतील मोठी उणीव सवलत जिथे संपते त्या काठावर आहे. दारिद्र्यमर्यादेच्या दुपटीपलीकडे थोडे उत्पन्न वाढले तरी सगळी सवलत जाऊ शकते. शिवाय एकूण उत्पन्नाच्या आकड्यात घरभाडे, कर्ज, आजारी नातलगाचा खर्च दिसत नाही. काही केंद्रे त्यासाठी अडचणीतील रुग्णाचे शुल्क माफ करण्याची वेगळी तरतूद ठेवतात. सवलतीमुळे पडणारी तूट अनुदाने, राज्याचा निधी आणि इतर रुग्णांच्या मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना) व विम्याच्या पैशांतून भरून काढली जाते. हा निधी आटला की सवलतीचा तक्ता तसाच राहतो, पण भेटीची वेळ मिळण्यासाठी लागणारी रांग लांबते.