हृद्‌रोहिणीतील रक्तगुठळी : प्रकार आणि उपचार

हृदयविकाराच्या बहुतेक झटक्यांचे तात्कालिक कारण म्हणजे हृद्‌रोहिणीत, अर्थात कोरोनरी धमनीत, धरलेली रक्ताची गुठळी होय. तिचे पांढरी आणि तांबडी असे दोन ढोबळ प्रकार मानतात. धमनीच्या भिंतीवरील मेदाचा थर फाटला किंवा त्याचा पृष्ठभाग खरवडला गेला, की तेथे प्रथम बिंबिका म्हणजे प्लेटलेट चिकटतात आणि पांढरी गुठळी तयार होते. पुढे प्रवाह मंदावला, की फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते, त्यात तांबड्या पेशी अडकतात आणि गुठळी तांबडी होते. प्रत्यक्षात बहुतेक गुठळ्या मिश्र असतात. धमनीत घातलेल्या चोषणनळीने बाहेर काढलेला ऐवज गाळणीवर पाहिला, तर एका रुग्णात करड्या-पांढुरक्या कणांचा चुरा, तर दुसऱ्यात लांबट तांबडा तुकडा आढळतो.

हा फरक केवळ रंगाचा नाही. ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखात, एसटी नावाचा रेषाखंड उंचावलेला असेल, तर धमनी बहुधा पूर्ण बंद झालेली असते आणि गुठळीत फायब्रिनचा वाटा मोठा असतो. स्ट्रेप्टोकायनेज, टेनेक्टेप्लेज यांसारखी औषधे प्लाझ्मिन हे विकर (एन्झाइम) निर्माण करून हे फायब्रिनच तोडतात. बिंबिकांच्या पुंजक्यावर त्यांचा थेट परिणाम होत नाही. उलट, विरघळत्या गुठळीतून मोकळे झालेले थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे विकर बिंबिकांना चेतवते व धमनी पुन्हा बंद पडू शकते. म्हणून जोडीला ॲस्पिरिन लागते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण स्ट्रेप्टोकायनेज व ॲस्पिरिन ही दोन्ही औषधे मिळालेल्यांत ८.० टक्के, तर एकही न मिळालेल्यांत १३.२ टक्के होते. एसटी न उंचावलेल्या झटक्यात मात्र धमनी बहुधा अंशतःच बंद असते आणि गुठळी मुख्यत्वे बिंबिकांची असते. तेथे गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा लाभ होत नाही, रक्तस्रावाचा धोका तेवढा वाढतो. म्हणून बिंबिकारोधक औषधे, रक्त गोठणे रोखणारे हेपॅरिन आणि आवश्यकतेनुसार अँजिओप्लास्टी (नळीवरील फुग्याने धमनी उघडणे) हाच मार्ग राहतो.

काळ हाही गुठळीचा एक घटकच म्हणावा लागेल. छातीत दुखू लागल्यापासून जसजसे तास जातात, तसतसे फायब्रिनचे प्रमाण वाढते, जाळे घट्ट होते आणि औषधाला दाद देईनासे होते. पहिल्या दोन-तीन तासांत दिलेले औषध सर्वांत गुणकारी ठरते, ते यामुळेच. निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल, तर तिला प्राधान्य देतात. तिच्यातही गुठळी मोठी असल्यास तिचे तुकडे पुढील बारीक वाहिन्यांत जाऊन अडकतात आणि मुख्य धमनी उघडूनही स्नायूपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही. अशा रुग्णांत हृदयाची हानी अधिक होते.

धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवण्याआधी गुठळी शोषून घ्यावी, हा विचार सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. परंतु १०,००० हून अधिक रुग्णांच्या टोटल चाचणीत (२०१५) सरसकट शोषणाने मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटले नाही, मेंदूच्या पक्षाघाताचे मात्र वाढले. त्यामुळे ही पद्धत आता सरसकट वापरत नाहीत. धमनीत फार मोठी गुठळी उरलेल्या निवडक रुग्णांतच तिचा विचार होतो.