थर्मामीटर म्हणतो उणे ८, गाल म्हणतो उणे १९

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरासमोर, खाडीपलीकडे, फ्लॉया नावाचा डोंगर आहे. उंची ६७१ मीटर. कळसूबाई चढून आलेल्याला हा आकडा ऐकून हसू येईल. मलाही आलं होतं. पण इथली चढण थेट समुद्रापासून सुरू होते, अक्षांश जवळजवळ ७० अंश उत्तर, आणि फेब्रुवारीच्या मध्याला भरदुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम आठ अंश वर येतो. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचलेल्या सुमारे १२०० दगडी पायऱ्या या डोंगरावर आहेत, पण हिवाळ्यात त्या बर्फाखाली गडप होतात. रोपवे आहे, तोही जोराचा वारा सुटला की बंद.

आम्ही निघालो तेव्हा खाली उणे ४ होतं आणि वारा सेकंदाला पाच मीटर. (इथे वाऱ्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही.) माथ्यावर पोचलो तेव्हा उणे ८ आणि वारा १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. पारा चारच अंश उतरला होता. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश, हा हिशेब इथेही बरोबर बसतो. मग गाल असे का बधिरले?

आपल्या त्वचेला लागून कोमट हवेचा काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. अंगाच्याच उष्णतेनं तापलेला, फुकटचा स्वेटर म्हणा. वारा तो सतत खेचून नेतो आणि शरीर नव्या हवेला तापवत बसतं. वाऱ्यानं हवा आणखी थंड होत नाही, आपली ऊब जास्त वेगानं जाते. त्यामुळे सॅकच्या बाहेर लटकवलेली पाण्याची बाटली कितीही वारा आला तरी उणे ८ च्या खाली जाणार नाही. फक्त तिथवर लवकर पोचेल.

हे मोजण्याचा पहिला नामांकित प्रयत्न पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकात केला. प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते पाहायचं. १९४५ मध्ये ते निष्कर्ष छापून आले आणि पुढे कित्येक दशकं हवामान खाती त्यावरच विसंबली. पण नळकांडं म्हणजे काही माणसाचा चेहरा नव्हे. त्यात रक्त फिरत नाही. २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेनं नवं सूत्र स्वीकारलं. त्यासाठी बारा स्वयंसेवकांना चेहऱ्यावर सेन्सर चिकटवून थंड हवेच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं होतं. त्या सूत्रात आमचे आकडे घातले तर खाली 'विंड चिल', म्हणजे वाऱ्यामुळे त्वचेला जाणवणारं तापमान, येतो उणे १० आणि माथ्यावर उणे १९. पारा चार अंश, गाल नऊ अंश!

माथ्यावर वारा वाढतो कसा? डोंगराला धडकलेल्या हवेला माथ्यावरून जाताना जागा कमी पडते, ती दाटीवाटीनं, म्हणून वेगानं निसटते. नाणेघाटात पावसाळ्यात धबधबा उलटा उडतो त्यामागेही कड्यावरून वर रेटली जाणारी हीच हवा. इथे फ्योर्डही हातभार लावतो. हिमनद्यांनी लाखो वर्षं खरवडून केलेली ती खोल, उभ्या भिंतींची पन्हळ. आतल्या पठारावरची थंड, जड हवा तिच्यातून समुद्राकडे वाहत येते.

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट, रेटा चौपट. सेकंदाला २० मीटरचा झोत छातीवर आला की साधारण १५ किलोचं ओझं कुणी आडवं ढकलतंय असं वाटतं. आणि झोत अचानक थांबला की तुम्ही पुढे तोल टाकून उभे असता! मी दोनदा गुडघ्यावर आलो.

माथ्याची एक बाजू दगड उघडे पडेपर्यंत झाडलेली होती. दुसरीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, तोच बर्फ साचला होता. उडताना हिमकण एकमेकांवर घासून तुटतात, त्यांचा चुरा घट्ट बसतो आणि लादीसारखा थर होतो. पुष्कळ हिमप्रपात याच लाद्यांचे. कडेला तर बर्फाचा सज्जाच बाहेर आलेला असतो. वरून सपाट, भक्कम दिसतो आणि खाली नुसती हवा. फोटोसाठी कडेला जायचा मोह मला झाला, हे कबूल करतो. सोबतच्या स्थानिक मित्रानं माझ्या सॅकचा पट्टाच धरून ठेवला.

खाली खाडीचं पाणी मात्र मोकळं, शाईसारखं काळं. अटलांटिकचा कोमट प्रवाह इथवर येतो, म्हणून एवढ्या उत्तरेलाही बंदर गोठत नाही.

थर्मासमधला चहा दोन घोटांत उरकून आम्ही उतरलो. बर्चची पहिली खुरटी झाडं लागली आणि वारा पडला. हातमोजे काढले तेव्हा बोटं पांढरीफटक होती. पोटातली ऊब राखण्यासाठी शरीर बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. दहा मिनिटांनी त्या सैल झाल्या, रक्त परतलं आणि बोटांना मिरची लागल्यासारखी आग सुटली. मित्र म्हणाला, दुखतंय ना, मग ठीक आहे.