प्रोस्टेटची धमनी बंद करण्याचा उपचार: पार्श्वभूमी

पुरुषांच्या मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असलेली प्रोस्टेट ही ग्रंथी वाढली की लघवीची धार बारीक होते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते आणि काहींची लघवी एकाएकी पूर्ण तुंबते. या त्रासावर मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी आत सरकवून, ती प्रोस्टेटला रक्त पुरवणाऱ्या शाखेपर्यंत नेऊन, तेथे अतिसूक्ष्म कण सोडून तो रक्तप्रवाह अडवण्याच्या उपचाराला प्रोस्टेट आर्टरी एम्बोलायझेशन म्हणतात. रक्त कमी मिळाले की ग्रंथीचा काही भाग मृत होतो, ग्रंथी हळूहळू आकसते आणि मूत्रमार्गावरील दाब उतरतो. हा उपचार या शतकातील म्हणून ओळखला जात असला तरी त्यामागची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे.

जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बीअर यांनी 1893 मध्ये प्रोस्टेट आकसावी म्हणून ओटीपोटातील दोन्ही बाजूंच्या अंतर्गत इलियाक धमन्या बांधण्याची शस्त्रक्रिया मांडली. तर्क बरोबर होता, पण मार्ग फार ढोबळ होता. याच धमनीच्या फांद्या मूत्राशयाला, गुदाशयाला आणि जननेंद्रियांनाही रक्त पुरवतात. त्यामुळे एका वाफ्याचे पाणी तोडण्यासाठी मुख्य पाटच अडवावा, तसे ते होते. शिवाय पोट उघडून केलेली ती शस्त्रक्रिया त्या काळी जिवावर बेतणारी होती. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट यांनी याच आजारासाठी वृषण काढून टाकण्याचा उपाय सुचवला होता, यावरून त्या वेळचे रुग्ण आणि डॉक्टर किती हतबल होते ते कळते.

पुढे दोन्ही उपाय मागे पडले, कारण प्रोस्टेटचा वाढलेला भाग थेट काढता येऊ लागला. लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया रूढ करणारे पीटर फ्रेयर त्याआधी अनेक वर्षे भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. 1926 मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी रिसेक्टोस्कोप हे उपकरण पुढे आणले आणि कालांतराने मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी आतून खरवडणे हा प्रमाण उपचार ठरला. आपल्याकडे ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात ते हेच. 1990 च्या दशकात औषधांची भर पडली.

धमनीचा मार्ग पुन्हा उघडला तो वेगळ्याच कामासाठी. स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये सुई आणि तारेच्या आधाराने धमनीत नळी घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि शरीर न उघडता आतील रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचणे शक्य झाले. 1976 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रोस्टेटमधून होणारा न थांबणारा रक्तस्राव याच मार्गाने आटोक्यात आणल्याचे नोंदवले. तेव्हा उद्देश फक्त रक्तस्राव थांबवण्याचा होता.

या इतिहासातील सर्वांत मोलाची नोंद मला 2000 सालची वाटते. अमेरिकेतील डीमेरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघवीतून रक्त जाणाऱ्या एका 76 वर्षांच्या रुग्णावर एम्बोलायझेशन केले. रक्तस्राव थांबला, आणि त्याबरोबरच लघवीचा त्रासही कमी झाला. पाच महिन्यांत ग्रंथीचा आकार निम्म्याहून कमी झाला होता. ज्या परिणामासाठी उपचार केलाच नव्हता, तोही त्यांनी मोजून लिहून ठेवला. त्याआधी, 1995 मध्ये, पॅरिसच्या जॅक राव्हिना यांनी गर्भाशयाच्या गाठींवर याच तत्त्वाचा उपचार प्रसिद्ध केला होता, त्यामुळे रक्त तोडून गाठ आकसवता येते हे रेडिओलॉजिस्टना अनोळखी नव्हते. नंतर डुकरांवर आणि कुत्र्यांवर प्रयोग झाले.

2008 मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठात फ्रान्सिस्को कार्नेवाले यांच्या गटाने लघवी तुंबल्यामुळे कॅथेटर, म्हणजे लघवी काढणारी नळी, लावलेल्या दोन रुग्णांवर हा उपचार मुख्य उपचार म्हणून केला. काही दिवसांत दोघांचेही कॅथेटर निघाले. लिस्बनमध्ये जुआंव पिस्को यांनी 2009 पासून तो मोठ्या संख्येने केला आणि 2016 मध्ये 630 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. खरी कसोटी शरीररचनेची होती. प्रोस्टेटची धमनी जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद, वाकडीतिकडी, आणि प्रत्येक पुरुषात वेगळ्या जागेवरून फुटणारी असते. कण शेजारच्या फांदीत गेले तर मूत्राशयाला, गुदाशयाला किंवा शिश्नाला इजा होते. बीअर यांना ज्या फांद्या वेगळ्या करता आल्या नव्हत्या, त्या आता अतिबारीक नळ्यांनी आणि उपचार चालू असतानाच काढलेल्या सीटी चित्रांनी वेगळ्या करता येऊ लागल्या.

मान्यता मात्र सावकाश मिळाली, आणि तसे झाले ते योग्यच. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपयोगासाठी सूक्ष्मगोलकांना, म्हणजे धमनीत सोडायच्या अतिसूक्ष्म कणांना, परवानगी दिली आणि 2018 मध्ये उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने पुरावा पुरेसा असल्याचे म्हटले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथील 103 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. लक्षणांतील सुधारणा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास होती, रक्तस्राव कमी होता. परंतु लघवीचा वेग आणि मूत्राशय रिकामे होणे यांत शस्त्रक्रियाच सरस ठरली. पुढे दोन वर्षांत एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी 21 टक्के रुग्णांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. भूल सोसणार नाही अशा वृद्ध रुग्णासाठी, फार मोठ्या ग्रंथीसाठी, किंवा वीर्यस्खलन टिकावे अशी इच्छा असलेल्या पुरुषासाठी हा उपचार मोलाचा आहे; पण निर्णय घेण्याआधी हा 21 टक्क्यांचा आकडा रुग्णाला स्पष्ट सांगितला गेला पाहिजे. युरोपच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही, शस्त्रक्रियेपेक्षा काहीसा कमी लाभ मान्य असलेल्या पुरुषालाच तो देऊ करावा, असे सांगतात.