दहा माणसं झाली की ईएसआय, मग मेडिक्लेम असो नसो

इंदूरमध्ये ज्यांचं दुकान, वर्कशॉप, क्लिनिक किंवा कोचिंग क्लास आहे त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, स्टाफचा ग्रुप मेडिक्लेम काढलाय मग ईएसआय, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी विमा, कशाला? तर कामाला दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय घ्यावंच लागतं, मेडिक्लेम हा तुमच्या खुशीचा मामला, एकाने दुसऱ्याची सुट्टी होत नाही. आणि दहा मोजताना गोदामातली पोरं, ठेकेदाराकडून आलेले, जास्त पगारवाला मॅनेजर सगळे धरायचे, रजिस्टरवर आठच नावं आहेत हे चालत नाही. पुढे माणसं कमी झाली तरी लागलेलं ईएसआय आपोआप सुटत नाही.

पण मोजणं वेगळं आणि कव्हर वेगळं. कव्हर मिळतं महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना, दिव्यांगांसाठी 25,000, ही लिमिट 2017 पासूनची आहे. समजा जूनमध्ये कुणाचा पगार वाढून 22,000 झाला तर लगेच नाव काढायचं नाही, एप्रिल ते सप्टेंबर हा एक पिरियड असतो, तो संपेपर्यंत कापत आणि भरत राहायचं. बेसिक छोटं दाखवून बाकी सगळं भत्त्यांत टाकायची जुनी युक्ती पण आता तितकी चालत नाही, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड म्हणजे कामगार कायदे लागू झालेत, त्यात भत्ते एकूण पगाराच्या अर्ध्याच्या वर गेले की वरची रक्कम पगारातच धरतात.

पैसे किती, तर कर्मचाऱ्याचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के. 16,000 पगार असेल तर त्याचे 120, तुमचे 520. तुमचे 520 त्याच्या पगारातून काढता येत नाहीत, आणि त्याचे 120 कापून भरलेच नाहीत तर तो सरळ गुन्हा. पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत चलन, उशीर झाला की 12 टक्क्यांनी व्याज.

रजिस्ट्रेशन सगळं ईएसआयसीच्या, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या, पोर्टलवर होतं, तुम्हाला कायदा लागू झाल्यापासून 15 दिवसांत. लागतं काय, तर पॅन, गुमाश्ता लायसन्स किंवा जीएसटी सर्टिफिकेट, फॅक्टरी असेल तर तिचं लायसन्स, पार्टनरशिप डीड, जागेचा पुरावा म्हणून लाइटबिल किंवा भाडेकरार, कॅन्सल चेक, आणि सगळ्या स्टाफची यादी जॉइनिंगची तारीख आणि पगारासकट. मग 17 आकडी कोड मिळतो. नवीन प्रायव्हेट लिमिटेड काढलीत तर कोड कंपनीबरोबरच येतो, भरायला मात्र दहा माणसं झाल्यावरच लागतं.

त्यानंतर प्रत्येक माणसाचा 10 आकडी इन्शुरन्स नंबर काढायचा, त्यासाठी आधार, मोबाइल, बँक खातं, नॉमिनी आणि घरच्यांची माहिती. इथे घाई करू नका. आईवडील अवलंबून असतील तर त्यांचं नाव तेव्हाच टाका, आणि डिस्पेन्सरी, म्हणजे ईएसआयचा दवाखाना, माणूस राहतो तिथली निवडा. पीथमपूरला कामाला आणि राहायला परदेशीपुऱ्यात, असे कितीतरी जण आहेत, कुटुंब दुसऱ्या गावी असेल तर त्यांच्यासाठी वेगळी डिस्पेन्सरी देता येते, फॉर्म भरणारा हे बहुतेक विचारतच नाही. मोठं काही झालं तर नंदानगरचं ईएसआयसी हॉस्पिटल आहेच, रीजनल ऑफिस पण तिकडेच.

उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, पण आजारपणाच्या सुट्टीचे 70 टक्के पैसे हवे असतील तर आधीच्या सहा महिन्यांच्या पिरियडमध्ये 78 दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन लागतं, म्हणून मधे चलन चुकवू नका, त्रास त्या पोराला होतो.

उरले 21,000 च्या वरचे, त्यांच्यासाठी ग्रुप मेडिक्लेम खरंच कामाचा. विचारायचं एवढंच की जुने आजार पहिल्या दिवसापासून आहेत का, मॅटर्निटी आहे का, आईवडील घेतात का, हॉस्पिटलच्या रूमभाड्याला लिमिट किती. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेला पण ग्रुपवर 18 टक्के आहेच, तेव्हा कोटेशन मागताना टॅक्ससकट मागा.