कॅशे रोज पुसला की वेबसाइट पळते?

साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक निरोप फिरतो: ‘रोज रात्री ब्राउझरचा कॅशे साफ करा, सकाळी सगळ्या वेबसाइट वेगात उघडतील.’ पटण्यासारखं वाटतं, केर काढला की घर मोकळं होतंच. पण कॅशे म्हणजे केर नव्हे.

पान पहिल्यांदा उघडलं की त्यातली चित्रं, फॉन्ट वगैरे ब्राउझर जपून ठेवतो; हा साठा म्हणजेच कॅशे. पुढच्या वेळी ते फोनमधूनच येतात. पुसलं, की पुन्हा सगळं डाउनलोड. वेळ जातो आणि डेटाही.

सर्व्हरवरही, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवरही, असंच. पान मागितलं की डेटाबेसमधून माहिती काढून ते जुळवावं लागतं. पेज कॅशेमध्ये जुळवलेलं पान तयार असतं. तो रिकामा असेल तर पहिल्या माणसाला ताटकळावं लागतं. म्हणून साइटवाले साइटमॅपमधले (साइटच्या पानांच्या यादीतले) पत्ते आधीच एकेक उघडून कॅशे भरून ठेवतात. हेच प्रीलोड. पेढेवाला गिऱ्हाईक यायच्या आधी कंदी पेढ्यांचा ट्रे भरतो, तसं. (साइट मोठी आणि सर्व्हर बेताचा असेल, तर या भरण्याचाच भार पडतो, ते वेगळं.)

स्वतः पाहायचंय? कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रीलोड करा. आकाराच्या रकान्यात बऱ्याच ओळींपुढे ‘डिस्क कॅशे’ किंवा ‘मेमरी कॅशे’ दिसेल. मग तिथेच ‘डिसेबल कॅशे’वर टिक करून पुन्हा रीलोड करा आणि खाली दिसणारा वेळ ताडून बघा.

पान जुनंच दिसत असेल, मांडणी विस्कटली असेल किंवा फोनमधली जागा संपली असेल, तर मात्र कॅशे जरूर साफ करा.