मुंबईची फ्लाइट चुकणार असं दिसलं की पुढची कशी धरायची, स्टँडबाय म्हणजे काय आणि कागद काय लागतात (नाशिककरांसाठी)

आधी एक गैरसमज काढून टाकतो. अमेरिकेत राहणारी आपली पोरं फोनवर सांगतात "बाबा, उशीर झाला तर स्टँडबायवर टाकायला सांगा" (म्हणजे दुसऱ्या फ्लाइटमध्ये सीट रिकामी राहिली तर बसवा), आणि आपण इकडे मुंबई विमानतळावर काउंटरवाल्या मुलीला तेच सांगतो, ती आपल्याकडे बघत राहते. आपल्याकडे डोमेस्टिकला सामान्य प्रवाशासाठी तसला प्रकार जवळपास नाहीच. एअरलाइनच्या स्टाफला आणि त्यांच्या घरच्यांना सीट रिकामी राहिली तर जाता येतं, तो त्यांचा स्टँडबाय. आपल्याला जे मिळतं त्याला म्हणायचं तारीख-वेळ बदलणं, आणि ते फ्लाइटच्या आधी ठरावीक तासांपर्यंतच होतं. हा एवढा फरक मला साडेआठ हजारांना कळला.

झालं असं की दुपारी २:१० ची दिल्लीची फ्लाइट होती, साडेआठला मुंबई नाक्यावरून निघालो, म्हटलं साडेबारापर्यंत आरामात पोचतो. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा तेव्हा सुरू झाला नव्हता (तो ५ जून २०२५ ला सुरू झाला), त्यामुळे कसारा घाट हाच रस्ता. घाटात कंटेनर आडवा झालेला, पुढे हलायला जागा नाही, मागे वळायला जागा नाही. बायको शेजारी बसून सांगत होती की आत्ता फोन करा, संध्याकाळची मागा. मी म्हटलं काउंटरला जाऊन बघू, समोरासमोर बोललं की काम होतं. आपल्याकडे तलाठी ऑफिसात ते चालतं, विमानतळावर नाही. १:२५ ला पोचलो, काउंटर १:१० ला बंद झालेला. डोमेस्टिकला बहुतेक एअरलाइन निघायच्या ६० मिनिटं आधी काउंटर बंद करतात आणि मग सिस्टिमच त्या माणसाला काही करू देत नाही, तो चांगला असो नाहीतर वाईट.

म्हणून माझं म्हणणं एकच, निर्णय घाटात घ्यायचा, काउंटरवर नाही.

आता प्रोसेस. पहिल्यांदा ॲप उघडायच्याही आधी मेसेज बघा की एअरलाइननेच तुमची फ्लाइट लेट किंवा कॅन्सल केली आहे का. हे फार लोक बघत नाहीत आणि घाईघाईत स्वतःच पैसे भरून बदलतात. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) नियमाप्रमाणे डोमेस्टिक फ्लाइट सहा तासांपेक्षा जास्त लेट होणार असेल तर एअरलाइनने पर्यायी फ्लाइट नाहीतर पूर्ण रिफंड यातलं एक द्यायचं असतं, कॅन्सल केली तरी पर्यायी फ्लाइट किंवा रिफंड हा तुमचा हक्क. तिथे चेंज फी कसली देताय? आणि कन्फर्म तिकीट असून, वेळेत पोचूनही सीट जास्त विकल्या म्हणून चढू दिलं नाही तर तो वेगळाच मामला. आधी त्यांनी स्वेच्छेने सीट सोडायला कोण तयार आहे ते विचारायचं, तरी तुम्हाला थांबवलं आणि एका तासाच्या आत सुटणारी दुसरी फ्लाइट दिली नाही, पण २४ तासांच्या आत दिली, तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि फ्युएल चार्जच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. २४ तासांच्याही पुढे गेलं तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००. पण घाटात अडकलो म्हणून उशीर झाला तर यातलं काहीही लागू नाही हे लक्षात ठेवा.

उशीर आपलाच असेल तर एअरलाइनच्या ॲपमध्ये पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडायचं, फ्लाइट बदला असा ऑप्शन असतो, तिथे त्याच दिवसाच्या पुढच्या फ्लाइट दिसतात. पैसे दोन प्रकारचे लागतात, एक चेंज फी आणि दुसरा भाड्यातला फरक, आणि खरा दणका दुसऱ्यातच असतो कारण त्याच दिवशीचं तिकीट महागच असतं. फ्लेक्सी टाइपचं तिकीट असेल तर फी कमी किंवा माफ असू शकते, पण भाड्यातला फरक बहुतेक वेळा द्यावाच लागतो. किती तास आधीपर्यंत बदलता येतं हे प्रत्येक एअरलाइनचं वेगळं आहे, तिकिटाच्या पीडीएफमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, निघायच्या आदल्या रात्री ते वाचून ठेवा, घाटात रेंज जाते. आणि वेब चेक-इन केलेलं असेल तर बऱ्याचदा आधी ते रद्द करावं लागतं, नाहीतर बदलाचं बटणच दिसत नाही आणि माणूस म्हणतो ॲप बंद पडलं.

एजंटकडून तिकीट काढलं असेल तर अजून एक घोळ. बुकिंगमध्ये मोबाइल नंबर एजंटचा असतो, म्हणजे लेट झाल्याचा मेसेज त्याला, ओटीपी त्याला, आणि तो दुपारी शटर ओढून जेवायला गेलेला. तिकीट काढतानाच स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकून घ्यायचा, यात संकोच करू नका.

काहीच न करता फ्लाइट सोडून दिली तर नो-शो लागतो. तेव्हा मूळ भाडं आणि फ्युएल चार्ज जातो, पण सरकारी टॅक्स, यूडीएफ (विमानतळ वापरायची फी) वगैरे परत मिळतात, अगदी सेलमधल्या नॉन-रिफंडेबल तिकिटाचेसुद्धा. मागितल्याशिवाय हे बऱ्याचदा येत नाहीत, मागा. दिलं नाही तर सरकारच्या एअरसेवा ॲपवर तक्रार टाकता येते. आणि जाण्यायेण्याचं किंवा दोन टप्प्यांचं एकच तिकीट असेल तर पहिला टप्पा सोडल्यावर पुढचे टप्पेही आपोआप रद्द होऊ शकतात, दिल्लीहून परत यायची सीट आहेच म्हणून निवांत राहू नका.

कागद फार नाहीत. ओरिजिनल फोटो आयडी, म्हणजे आधार किंवा एम-आधार, मतदार कार्ड, लायसन्स, पासपोर्ट यातलं काहीही एक. मांडीवरच्या दोन वर्षांखालच्या बाळाचा वयाचा पुरावा. बदललेल्या फ्लाइटचं नवीन तिकीट, जुनं नाही, कारण सीआयएसएफचा जवान गेटवर तारीख आणि फ्लाइट नंबर बघतो. डिजियात्रा (चेहरा दाखवून गेट उघडणारं ॲप) वापरत असाल तर नवीन बोर्डिंग पास परत अपलोड करावा लागतो, जुन्यावर गेट उघडणार नाही. तिकीटच हातात नसेल तर आत सोडतच नाहीत, तेव्हा एअरलाइनच्या तिकीट खिडकीला बाहेरच्या बाजूने उभं राहायचं, मी तिथेच उभा होतो ट्रॉली धरून, मागे बायको गप्प, आणि ते गप्प राहणं साडेआठ हजारांपेक्षा महाग होतं.

टर्मिनल तपासा. एकाच एअरलाइनची दुपारची फ्लाइट टी-वनवरून आणि संध्याकाळची टी-टूवरून असू शकते, सांताक्रूझ आणि सहार ही दोन वेगळी टोकं आहेत. त्यात आता नवी मुंबईचं विमानतळही आलंय (उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५), स्वस्त दिसली म्हणून तिकडची फ्लाइट घेऊन टाकाल आणि गाडी माजिवाड्यावरून अंधेरीकडे निघालेली असेल.

ओझरहून, म्हणजे आपल्या नाशिकच्या विमानतळावरून, उडणाऱ्यांना हे सगळं तसं कमीच उपयोगाचं, कारण ओझरहून एका शहराला दिवसाला बहुतेक एखादीच फ्लाइट असते, ती गेली की त्याच दिवशीची पुढची म्हणजे मुंबईच गाठायची, आणि ते नवीन तिकीटच समजा.

राहिला तो खरा स्टँडबाय, अमेरिकेतल्या डोमेस्टिक प्रवासाचा. मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी लिहितो. साधारण अट अशी की तोच दिवस, तीच एअरलाइन, तेच निघायचं आणि पोचायचं ठिकाण, आणि सगळ्यात स्वस्त बेसिक इकॉनॉमी तिकिटावर बऱ्याचदा चालत नाही. ॲपवर किंवा गेटवर नाव लावायचं, गेटच्या स्क्रीनवर आडनावाची पहिली दोनतीन अक्षरं आणि नावाचं एक अक्षर अशी यादी दिसते. आपल्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये टीसीच्या मागे रिकामी सीट आहे का विचारत फिरतो ना, तसलंच, फक्त इथे क्रम नेहमीच्या प्रवाशांचा आधी लागतो. दारं बंद व्हायच्या थोडं आधीपर्यंत काही कळत नाही. लोक हा प्रकार मुख्यतः लवकरच्या फ्लाइटसाठी करतात कारण तिथे आपली मूळ सीट हातात राहते, उशिराच्या फ्लाइटसाठी मात्र मूळ विमान सुटलं की हातात काहीच नाही, म्हणून ते सुटायच्या आत कन्फर्म बदल मागायचा आणि तो नाहीच मिळाला तर यादी. इमिग्रेशनच्या लाइनीमुळे कनेक्शन चुकलं आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर मात्र स्टँडबाय वगैरे बोलूच नका, साधं म्हणा कनेक्शन चुकलं, पुढच्या विमानात बसवायचं काम एअरलाइनचंच आहे. आयडी म्हणून तिथे आपला भारतीय पासपोर्ट चालतो, तो बॅगेत टाकून बॅग चेक-इन करू नका.

मागच्या खेपेला परत तसंच झालं, भिवंडीपर्यंत रांग लागलीय असं ड्रायव्हरला कुणीतरी फोनवर सांगितलं. शहापूरला गाडी बाजूला घ्यायला लावली, मिसळ सांगितली, ॲप उघडलं. पाव यायच्या आधी नवीन पीएनआरचा मेसेज आला होता. बायकोने मोबाइल हातातून घेऊन टर्मिनल परत एकदा वाचलं.