संगीताची सुरक्षित ध्वनिपातळी : गर्भावस्था व शैशव (गोवा)

गरोदर स्त्री, तिचा गर्भ आणि पहिल्या वर्षातील मूल यांच्याजवळ वाजणाऱ्या संगीताच्या जोराची इष्ट मर्यादा. गर्भासाठी सर्वमान्य असा स्वतंत्र आकडा ठरलेला नाही. व्यवहारात इतर क्षेत्रांतल्या मर्यादाच वापरल्या जातात : कारखान्यातील 8 तासांसाठी 85 डेसिबल (ए, म्हणजे प्रौढ माणसाच्या कानाशी जुळवलेले मापन), नवजात अतिदक्षता विभागासाठी तासाची सरासरी 45 आणि भारतीय नियमांतील निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 व रात्री 45. गोव्यात हा प्रश्न चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्या, शिगमो (होळीच्या सुमारासचा उत्सव), नरकासुराची रात्र (नरकचतुर्दशीची पूर्वरात्र), लग्नसमारंभ आणि बार्देश–पेडण्याच्या किनाऱ्यावरील रात्रीच्या संगीतामुळे घरोघर येतो.

गर्भ ऐकतो ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यासाठी अभिमन्यूचा दाखला हटकून दिला जातो. मात्र महाभारताच्या द्रोणपर्वात अभिमन्यू चक्रव्यूह भेदण्याचा उपदेश आपल्याला पित्याने केल्याचे सांगतो. तो सुभद्रेच्या उदरात असताना ऐकल्याचा उल्लेख त्या प्रसंगी नाही. गर्भश्रवणाचा तपशील कथा-कीर्तनांच्या परंपरेत मागाहून जोडला गेला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. सुश्रुतसंहितेत (काळ वादग्रस्त, आजची संहिता अनेक शतकांच्या संस्कारांतून घडलेली) गर्भिणीने टाळावयाच्या गोष्टींत मोठ्याने बोलणे येते. हा निर्बंध तिच्या श्रमासाठी असावा. गर्भाच्या कानांशी तो जोडणे ओढूनताणून होईल.

आधुनिक निरीक्षणांनुसार 500 हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने; आकडा जितका लहान तितका आवाज खर्जातला) स्वराला गर्भाची पहिली हालचाल सु. 19 व्या आठवड्यात काही गर्भांत दिसते. पोटावर कंपनयुक्त ध्वनी दिल्यास पापण्या मिटण्याची प्रतिक्रिया 24–25 व्या आठवड्यापासून आढळते व 28 व्या आठवड्याच्या सुमारास ती नियमित होते. जन्मलेले मूल आईचा आवाज इतर स्त्रियांच्या आवाजापेक्षा पसंत करते, हे 1980 मध्ये दाखवले गेले. अंगाई, ओव्या, घरातले बोलणे एवढे त्याला पुरेसे असते. पोटाला स्पीकर टेकवून शास्त्रीय संगीत ऐकवल्याने मूल हुशार होते, हा दावा 1993 च्या ज्या प्रयोगावर उभा आहे, तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केला होता. त्यात गर्भ नव्हता की अर्भक नव्हते.

गर्भापर्यंत नेमका किती ध्वनी पोहोचतो, हा या विषयातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग. गर्भाशयाच्या आतील आवाजाची सुरुवातीची मोजमापे हवेत चालणारे मायक्रोफोन रबरात गुंडाळून केली होती व त्यांत पातळी बरीच मोठी आली. पुढे द्रवात वापरायचे ध्वनिग्राहक आल्यावर ती खाली आली. नंतरची मोजमापे अधिक विश्वासार्ह मानावीत. मेंढ्यांवरील प्रयोगांत 250 हर्ट्झखालचे ध्वनी उदरभित्ती व गर्भजल ओलांडताना फारसे घटत नाहीत, तर 4000 हर्ट्झचे सु. 20 डेसिबलांनी घटतात असे दिसले. गर्भाच्या अंतर्कर्णापर्यंत पोहोचेतो बाहेरच्या ध्वनीत होणारी एकूण घट याहून मोठी असते : 125–250 हर्ट्झला 10 ते 20, तर 500–2000 हर्ट्झला 40 ते 50 डेसिबल. म्हणजे आत पोहोचतो तो मुख्यतः खर्ज. नेमका हाच खर्ज आपल्या मोजमापात हिशेबाबाहेर राहतो. नियमांत व मोबाइलवरील बहुतेक मापकांत वापरली जाणारी ए-भारित पातळी प्रौढ माणसाच्या कानाशी जुळवलेली असल्याने ती 63 हर्ट्झच्या ध्वनीतून सु. 26 आणि 125 हर्ट्झच्या ध्वनीतून सु. 16 डेसिबल वजा करते. स्पीकरच्या बास-भिंतीसमोर उभ्या असलेल्या गरोदर स्त्रीच्या बाबतीत केवळ ए-भारित आकडा पाहून निश्चिंत होणे म्हणूनच योग्य नाही. खर्ज फारसा न वगळणारा सी-भारित आकडाही पाहावा. तो ए-भारितापेक्षा बराच मोठा असेल, तर खर्ज जड आहे. आईच्या कानातील बोळे तिला वाचवतात, गर्भाला नाही.

अपायाचा पुरावा प्रामुख्याने नोकरीतील दीर्घ गोंगाटाचा आहे. क्वेबेकमधील 1986 च्या अभ्यासात गोंगाटात काम केलेल्या मातांच्या मुलांत 4000 हर्ट्झला श्रवणदोष अधिक आढळला, पण मुले थोडी होती. स्वीडनमधील 2016 चा अभ्यास 14 लाखांहून अधिक जन्मांवर आधारलेला असून त्याला अधिक वजन द्यावे : गरोदरपणी पूर्णवेळ 85 डेसिबल वा त्याहून मोठ्या आवाजात काम केलेल्यांच्या मुलांत श्रवणदोषाचा धोका सु. 80 टक्क्यांनी जास्त होता. एखाद्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला हा निष्कर्ष लावता येत नाही. ध्वनिव्यवस्थेवर, मद्यालयात वा वादकपथकात रोज काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना मात्र तो थेट लागू पडतो आणि त्यांना कामाची जागा बदलून मिळायला हवी.

जन्मानंतर गणित उलटते. अर्भकाची कर्णनलिका आखूड असल्याने तिथे उच्च कंप्रतेचा (जास्त हर्ट्झचा, तार) ध्वनी अधिक उठावतो. चवथीला मूळ घरी सारे कुटुंब जमते, माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळा-भाज्यांच्या छताखाली) घुमट व शामेळ ही चर्मवाद्ये आणि कांसाळी (झांजा) यांच्या साथीने आरत्या रंगतात, आणि पहिल्या चवथीचे मूल कौतुकाने मांडीवर पुढेच घेतलेले असते. कांसाळ्यांचा धारदार नाद बंद खोलीत भिंतींवरून परततो. तो गर्भापर्यंत फारसा जात नाही, पण अर्भकाच्या कानावर पुरा आदळतो. शिगम्याच्या रोमटामेळातील (ढोल-ताशांच्या मिरवणुकीतील) ढोलाचे याच्या उलट. म्हणून आरतीच्या वेळी तान्ह्या बाळाला आतल्या खोलीत ठेवावे आणि गरोदर स्त्रीने ढोल व बास-पेट्यांपासून लांब राहावे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी सु. 6 डेसिबलांनी उतरते; बंद मांडवात एवढा फायदा मिळत नाही. बाळासाठी कानावरून बसणारे मऊ संरक्षक चालतात, कानात घालायचे बोळे नाहीत. झोपेसाठीची ध्वनियंत्रेही निर्दोष नाहीत : 2014 मध्ये तपासलेल्या 14 पैकी 3 यंत्रांचा कमाल आवाज 30 सेंमी.वर 85 डेसिबलांपुढे गेला. असे यंत्र पाळण्यापासून 2 मी. दूर व अगदी हळू लावावे.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी आहे. सण-सांस्कृतिक प्रसंगी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रुग्णालयांभोवतीचा किमान 100 मी.चा परिसर राज्य शासन शांतता क्षेत्र म्हणून घोषित करू शकते. त्यात दिवसा 50 व रात्री 40 ही मर्यादा असून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या, प्रसूतिकक्ष व नवजात विभाग असलेल्या ठिकाणी तिला विशेष अर्थ आहे. हणजूण–वागातोर भागातील रात्रीच्या संगीताविषयीच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेल्या आहेत. नियमांतील सर्व आकडे ए-भारित आहेत.